विंडोज १० चा सपोर्ट संपला: सांगलीतल्या छोट्या धंद्यांनी कॉम्प्युटर कसे बदलावेत

मार्केट यार्डातलं अडत दुकान घ्या, कुपवाड एमआयडीसीतलं मशीन शॉप घ्या, नाहीतर मिरजेतली पॅथॉलॉजी लॅब. विंडोज १० वर चालणारा एखादा तरी कॉम्प्युटर तिथे अजून सापडतो. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सपोर्ट बंद केला. दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर नेहमीसारखा सुरू झाला, शेतकऱ्याच्या मालाची पट्टी (हिशोबाची चिठ्ठी) निघाली, बिल छापलं गेलं. त्यामुळे बऱ्याच जणांचा समज झाला की आपल्याला यातून काही त्रास नाही.

त्रास आहे, फक्त तो दिसत नाही. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सुरक्षेच्या दुरुस्त्या आपोआप यायच्या, त्या थांबल्या. विंडोज १० आणि ११ चा पाया बराचसा एकच आहे. ११ मधलं एखादं भोक बुजवलं की १० मध्ये ते कुठे उघडं आहे, हे चोराला आयतं कळतं. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला, तेव्हा त्याच्यावरची दुरुस्ती मार्चमध्येच आली होती. ज्यांनी ती बसवली नव्हती ते सापडले. कुणी चुकीच्या लिंकवर क्लिक करायचीही गरज नव्हती. नेटवर्कमधल्या एका मशीनवरून तो दुसऱ्यावर आपला आपण जात होता. इंग्लंडमधली सरकारी रुग्णालयं त्यात अडकली. २०१४ सालीच सपोर्ट संपलेल्या विंडोज एक्सपीसाठी मायक्रोसॉफ्टला घाईघाईने दुरुस्ती काढावी लागली.

हे काम पहिल्यांदाच अंगावर घेणाऱ्या दुकानदारासाठी, कारखानदारासाठी किंवा त्यांच्या ऑफिसात बसणाऱ्या मुला-मुलीसाठी मी हे लिहितो आहे. विंडोज बदलणं अर्ध्या दिवसात होतं. वेळ खातात त्या तिला चिकटून बसलेल्या गोष्टी: जुना हिशोबाचा प्रोग्रॅम, डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, मराठी फॉन्ट, डिजिटल सहीचं टोकन, शेअर केलेलं फोल्डर. त्यांची आधी सोय लावा, विंडोजचं नंतर बघू.

आधी वही, मग पैसे

कुणाला फोन करायच्या आधी एक वही घ्या आणि प्रत्येक कॉम्प्युटरसमोर जाऊन बसा. सेटिंग्जमध्ये ‘सिस्टिम’ आणि त्यात ‘अबाउट’ उघडलं की प्रोसेसर, रॅम, विंडोज होम आहे की प्रो, ३२-बिट आहे की ६४-बिट, हे सगळं एका पडद्यावर दिसतं. ते जसंच्या तसं उतरवून घ्या. शेजारी लिहा: इथे कोण बसतं, कोणता प्रिंटर जोडलाय, मागे कोणता डोंगल (सॉफ्टवेअर चालायला लागणारी छोटी किल्ली) लावलाय, प्रोग्रॅम कुणी बसवून दिला होता आणि त्याचा नंबर अजून लागतो का.

यानंतरचं काम माझ्या मते सगळ्यात मोलाचं आहे. दिवाणजींच्या शेजारी एक अख्खी सकाळ बसा. काहीही विचारू नका, ते काय काय उघडतात तेवढं बघा. रोजच्या पट्ट्या, तोलाई-हमालीचा हिशोब, टॅली हे हिशोबाचं सॉफ्टवेअर, बँकेची साइट, ई-वे बिल हे तर दिसेलच. पण मध्येच ते एखाद्या कोपऱ्यातल्या फोल्डरमधली एक्सेल फाइल उघडतात आणि व्यापाऱ्याची जुनी उधारी तिथून बघतात. ती फाइल टॅलीत नसते, बॅकअपमध्ये नसते आणि मालकाला माहीतही नसते. शेवटी तेवढं मात्र विचारा: वर्षातून एकदाच लागतं असं काय आहे? टीडीएसचं रिटर्न, ऑडिटच्या वेळचा एखादा रिपोर्ट, बँकेला द्यायचं स्टॉक स्टेटमेंट. असल्या गोष्टी हमखास विसरल्या जातात आणि मार्चअखेरीस आठवतात.

कोणतं मशीन चालेल, कोणतं नाही

विंडोज ११ ला ६४-बिट प्रोसेसर, किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, सिक्युअर बूट (मशीन सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप लागते. घोडं अडतं ते प्रोसेसरवर. इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर चालतो, एएमडीचा रायझन २००० मालिकेपासूनचा. पिढी ओळखायला वहीत उतरवलेला नंबर बघा. आय५-६५०० म्हणजे सहावी पिढी, ती चालणार नाही. आय५-८४०० म्हणजे आठवी, ती चालेल. चार आकडी नंबरातला पहिला आकडा पिढी सांगतो, पाच आकडी असेल तर पहिले दोन. लॅपटॉपचा चार आकडी नंबर १ ने सुरू होत असेल, तर तिथेही पहिले दोनच धरा. मायक्रोसॉफ्टचं ‘पीसी हेल्थ चेक’ हे फुकट अ‍ॅप चालवलं तर तेही हो-नाही सांगतं.

प्रोसेसर नवा असूनही ‘टीपीएम नाही’ असं उत्तर आलं, तर लगेच मशीन बाद करू नका. चिपची सोय असते, पण ती बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंग्जमध्ये, बंद ठेवलेली असते. इंटेलच्या बोर्डावर तिचं नाव पीटीटी असतं, एएमडीच्या बोर्डावर एफटीपीएम. खात्री करायची असेल तर विंडोजची कळ आणि आर एकदम दाबा, येणाऱ्या चौकटीत tpm.msc असं टाइप करा. उघडलेल्या खिडकीत खाली ‘स्पेसिफिकेशन व्हर्जन’पुढे २.० दिसायला हवं. सिक्युअर बूटच्या बाबतीत सावध राहा. जुन्या लीगसी पद्धतीने बसवलेल्या विंडोजवर ते नुसतं चालू केलं तर मशीन सुरूच होत नाही, आधी डिस्कची मांडणी एमबीआर या जुन्या पद्धतीवरून जीपीटी या नव्या पद्धतीवर न्यावी लागते. डिस्कला बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) लावलेलं असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर घेतल्याशिवाय बायोसमध्ये शिरू नका.

चालत नसलेल्या मशीनवर ११ घुसवून देणारे लोक आहेत, आणि ते होतंही. पण अशा मशीनला पुढची अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. अपडेटसाठीच सगळा खटाटोप करायचा आणि त्याच मिळण्याची खात्री नाही, यात मला अर्थ दिसत नाही. क्रॅक, म्हणजे लायसन्सशिवाय चालवलेली विंडोज तर धंद्याच्या मशीनवर नकोच. अ‍ॅक्टिव्हेट करून देणारी जी फाइल चालवतात, तिच्यातूनच चोर आत येतो, आणि ती चालावी म्हणून अँटिव्हायरस आपणच बंद करून दिलेला असतो.

मुदत विकत घ्यायची का?

विंडोज १० साठी जादा मुदतीची सुरक्षा अपडेट मिळतात, तिला ईएसयू म्हणतात. घरगुती वापराची योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. धंद्यासाठीची वेगळी आहे: पहिल्या वर्षी एका मशीनला ६१ डॉलर, पुढे दरवर्षी दुप्पट, आणि जास्तीत जास्त तीन वर्षं, म्हणजे ऑक्टोबर २०२८ पर्यंत. दुसऱ्या वर्षी आलात तरी पहिल्या वर्षाचे पैसे भरावेच लागतात. तीन वर्षांची बेरीज ४२७ डॉलर, म्हणजे एका मशीनमागे पस्तीस हजार रुपयांच्या वर. एवढ्यात मशीनच बदलता येत असेल तर तीन वर्षांची मुदत घेणं परवडणारं नाही. एक वर्षाची मुदत मात्र काही ठिकाणी शहाणपणाची आहे. प्रोग्रॅम नव्याने लिहून घ्यायचा आहे आणि त्याला सहा-आठ महिने लागणार आहेत, अशा मशीनसाठी ती जरूर घ्या.

ऑफिस २०१६ आणि २०१९ चा सपोर्टही त्याच १४ ऑक्टोबरला संपला, हे बरेच जण विसरतात. कारखान्यात सर्व्हर असेल तर त्याचीही आवृत्ती बघा. विंडोज सर्व्हर २०१२ आर२ ची मुदत २०२३ मध्येच संपली, २०१६ ची १२ जानेवारी २०२७ ला संपते.

नवं मशीन घेताना जीएसटी बिलावरच घ्या, इनपुट क्रेडिट मिळतं. आयकरात कॉम्प्युटरवर ४० टक्के घसारा धरतात, पण त्या वर्षात वापर १८० दिवसांपेक्षा कमी झाला तर निम्माच धरला जातो. म्हणून सप्टेंबरअखेरच्या आत घेणं आणि मार्चमध्ये घेणं यात फरक पडतो. तुमच्या सीएंना विचारून तारीख ठरवा. कंपन्यांकडून परत आलेले सेकंडहँड डेस्कटॉप मिळतात, तेही चालतील. फक्त प्रोसेसरचा नंबर वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

नुसतं ब्राउझर आणि मेल यांसाठी वापरात असलेलं जुनं मशीन असेल, गेटवरचं वगैरे, तर त्यावर विंडोजऐवजी उबुंटू किंवा मिंट ही फुकट मिळणारी लिनक्स टाकून बघायला हरकत नाही. टॅली आणि डिजिटल सहीच्या मशीनवर तो प्रयोग नको.

बॅकअप, आणि तोही पुराच्या वर

ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ आहे. २०२१ मध्ये पुन्हा पाणी शहरात आलं. त्यामुळे बॅकअपची हार्डडिस्क कॉम्प्युटरच्याच टेबलाच्या खणात ठेवायची पद्धत सांगलीत तरी बंद व्हायला हवी. तीन प्रती ठेवा: एक मशीनवर, एक बाहेरच्या हार्डडिस्कवर, एक दुसऱ्या गावी. विट्याला किंवा मिरजेच्या उंच भागात नातेवाईक असतील तर एक डिस्क त्यांच्या कपाटात ठेवा आणि महिन्याला बदला. शिवाय एक प्रत क्लाउडवर. बाहेरची डिस्क काम झालं की काढून ठेवायची. सतत जोडलेली राहिली तर खंडणीवाला व्हायरस तिच्यावरच्या फाइलीही कुलूपबंद करतो.

बॅकअप घेतला यावर समाधान मानू नका, तो उघडून बघा. दुसऱ्या मशीनवर टॅलीचा डेटा रिस्टोअर करा. तीन-चार मोठ्या खात्यांची अखेरची शिल्लक आणि तेरीज (ट्रायल बॅलन्स) जुन्या मशीनशी पैशापर्यंत जुळवा. जुळली की त्या तारखेसह वहीत सही करा.

किती वर्षांचा डेटा हलवायचा? जीएसटीत वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने हिशोब जपावे लागतात, कंपनी कायद्यात ८ वर्षं. प्रायव्हेट लिमिटेड असाल तर १ एप्रिल २०२३ पासून हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये एडिट लॉग, म्हणजे प्रत्येक फेरफाराची नोंद, हवाच. जुन्या प्रोग्रॅममध्ये तो नसेल तर विंडोजच्या निमित्ताने तो प्रोग्रॅमही बदलून घ्या.

चिकटून बसलेल्या गोष्टी

काळ्या पडद्यावर चालणारे डॉसमधले फॉक्सप्रो प्रोग्रॅम आजही काही पेढ्यांवर पट्ट्या काढतात. विंडोज ११ फक्त ६४-बिटमध्ये येते आणि असे १६-बिट प्रोग्रॅम तिथे थेट चालत नाहीत. डॉसबॉक्स किंवा व्हीडॉससारख्या प्रोग्रॅमच्या आत ते चालवता येतात, पण छपाईत अडचण येते. म्हणून आधी एका मशीनवर एकच पट्टी पूर्ण काढून बघा. शेतकऱ्याचं नाव, पोत्यांची संख्या, वजन, दर, हमाली-तोलाई वजा जाऊन येणारी निव्वळ रक्कम, आणि डॉट मॅट्रिक्सवर कार्बनसह छापलेला कागद. रकाने जिथल्या तिथे पडले का? पान संपल्यावर कागद बरोबर फाडीच्या रेषेवर थांबला का? एवढं झालं तरच पुढे जा. व्हिज्युअल फॉक्सप्रोतला प्रोग्रॅम असेल तर तो बहुतेक वेळा ११ वर चालतो, तरी हीच परीक्षा घ्या.

नव्या मशीनला मागे लांबडा प्रिंटर पोर्ट नसतो. यूएसबीचा डॉट मॅट्रिक्स घेऊन, तो शेअर करून त्यालाच एलपीटी१ (जुने प्रोग्रॅम छापायला शोधतात त्या पोर्टचं नाव) असं नाव देता येतं, तुमच्या कॉम्प्युटरवाल्याला ते माहीत असेल.

मराठी फॉन्टकडे नीट लक्ष द्या. श्री-लिपीसारख्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेली पत्रं, करार, सोसायटीची इतिवृत्तं युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर वाचता येणाऱ्या पद्धतीत, नसतात. फॉन्ट नसलेल्या मशीनवर त्याच फाइली उघडल्या की इंग्रजी चिन्हांचा चुरा दिसतो. फॉन्टच्या फाइली, सॉफ्टवेअरची सीडी, लायसन्स नंबर आणि डोंगल एकत्र करून ठेवा. महत्त्वाच्या कागदांची जुन्या मशीनवरच पीडीएफ करून घ्या, म्हणजे ते कुठेही वाचता येतील. आणि नव्या मशीनवरचं पहिलं पत्र युनिकोडमध्येच टाइप करा. विंडोज ११ मध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक असे दोन्ही कीबोर्ड आहेत, वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही.

डिजिटल सहीचं टोकन नव्या मशीनला लावून ड्रायव्हर टाका आणि जीएसटीच्या पोर्टलवर एकदा प्रत्यक्ष सही करून बघा. रिटर्नच्या २० तारखेच्या संध्याकाळी पहिल्यांदा बघू नका.

शेअर केलेल्या फोल्डरचं एक नवं दुखणं आहे. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रो मशीन बिनपासवर्डचं शेअरिंग मुळात स्वीकारतच नाही आणि सही असलेलं, म्हणजे मध्ये कुणी फेरफार केला नाही हे तपासता येणारं, कनेक्शन मागतं. त्यामुळे जुन्या मशीनवरचं फोल्डर उघडत नाही किंवा झेरॉक्स मशीनवरून स्कॅन केलेला कागद येत नाही. यावर सुरक्षा उतरवून जुगाड करतात, ते टाळा. त्या फोल्डरला युजर आणि पासवर्ड द्या. स्कॅनरला जमत नसेल तर स्कॅन मेलवर मागवा.

कुणाच्या खात्याने सुरू करायचं?

नवा लॅपटॉप पहिल्यांदा उघडला की मायक्रोसॉफ्टचं खातं मागतो. घाईत कुणीतरी आपला मेल टाकतं. नव्या मशीनवर डिस्क आपोआप कुलूपबंद होते आणि तिची रिकव्हरी की त्याच खात्यात जाऊन बसते. दोन वर्षांनी तो माणूस नोकरी सोडून पुण्याला गेला आणि मशीनने की मागितली, तर हिशोब आत आणि तुम्ही बाहेर. म्हणून पेढीच्या नावाचा वेगळा मेल काढा, त्याला मालकाचा मोबाइल जोडा आणि की छापून तिजोरीत ठेवा. रोजच्या कामासाठी दिवाणजींना साधा युजर करून द्या, अ‍ॅडमिनचा पासवर्ड वेगळा.

कधी करायचं

हळदीचा हंगाम ऐन भरात असताना हिशोबाच्या मशीनला हात लावू नका. बेदाण्याच्या व्यापाऱ्यांना दिवाळीच्या सुमाराची वेळ सगळ्यात चांगली. तेव्हा सौदे बंद ठेवून झिरो पेमेंट करतात. येणी-देणी मिटलेली असतात, त्यामुळे नव्या मशीनवर शिल्लक जुळवणं सोपं जातं. इतरांनी एप्रिलचा पहिला आठवडा टाळून पावसाळ्यातले मंद आठवडे धरावेत, पण तळघरात किंवा तळमजल्यावर पेढी असेल तर पाणी यायच्या आत.

क्रम माझ्या मते असा ठेवावा. बँक आणि मेल ज्या मशीनवर चालतं ते सगळ्यात आधी, कारण पैसे तिथून जातात. मग बिलिंग. हिशोबाचं मुख्य मशीन सगळ्यात शेवटी, आणि ते हलवल्यावर निदान पंधरा दिवस जुनं तसंच बाजूला, नेटवर्क काढून ठेवलेलं. दिवाणजींना नव्या पडद्याची सवय व्हायला वेळ लागतो. त्यांनी तीस वर्षं पेढीचा हिशोब सांभाळलेला असतो, त्यांना पोरांसमोर अवघडल्यासारखं होऊ देऊ नका. संध्याकाळी दुकान शांत झाल्यावर शेजारी बसून दाखवा आणि जुन्या जागीच जुन्या नावांचे शॉर्टकट करून द्या.

जी मशीन बदलताच येत नाहीत

कुपवाडच्या शॉपमध्ये सीएनसीला (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंग मशीनला) किंवा मोजमापाच्या मशीनला जोडलेला, लॅबमध्ये अ‍ॅनालायझरला किंवा एक्स-रेला जोडलेला कॉम्प्युटर वेगळा विषय आहे. तिथली विंडोज बदलली तर मशीनच बोलेनासं होऊ शकतं. आधी मशीन बनवणाऱ्या कंपनीला लेखी विचारा: ११ वर चालणारं सॉफ्टवेअर आहे का, किती पैसे? नाही म्हणाले तर त्या कॉम्प्युटरचं इंटरनेट काढा. त्यावर मेल नको, यूट्यूब नको. ऑफिसच्या नेटवर्कपासून तो वेगळा करा. प्रोग्रॅम न्यायला एकच पेनड्राइव्ह ठेवा, त्यावर रंगीत पट्टी लावा आणि प्रत्येक वेळी अपडेट असलेल्या मशीनवर तो स्कॅन करून मगच लावा. अख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे विंडोज आणि प्रोग्रॅमसकट जशीच्या तशी प्रत, काढून ठेवा. डिस्क उडाली आणि मशीन बसवून देणारा इंजिनिअर कंपनी सोडून गेलेला असला, तर ती इमेज हाच एक आधार.

जुनं मशीन भंगारात देण्याआधी

नुसतं डिलीट किंवा क्विक फॉरमॅट मारून डेटा जात नाही, तो परत काढता येतो. हार्डडिस्क असेल तर पूर्ण पुसणारं टूल चालवा किंवा डिस्क काढून फोडा. एसएसडी असेल तर तिच्या कंपनीच्या टूलमधलं ‘सिक्युअर इरेज’ वापरा. हिशोबाच्या मुख्य मशीनची डिस्क मात्र लगेच पुसू नका. त्या वर्षाचं ऑडिट आणि जीएसटीचं वार्षिक विवरणपत्र होईपर्यंत ती काढून, तारीख आणि मशीनचं नाव लिहून, तिजोरीत ठेवा. बाकी सांगाडा नोंदणीकृत ई-कचरा घेणाऱ्याला द्या आणि पावती वहीतल्या त्याच पानाला टाचून ठेवा. त्याच पानावर नव्या मशीनच्या विंडोजची आवृत्तीही लिहा. विंडोज ११ होम आणि प्रोच्या प्रत्येक आवृत्तीला २४ महिन्यांचाच सपोर्ट असतो, त्यामुळे ती संपण्याची तारीख आत्ताच शेजारी लिहिलेली बरी.